गरम झाली की बिघडते

‘थंड असताना गाडी एकदम ओके, गरम झाली की मिसिंग मारते.’ ही तक्रार ऐकली की बहुतेक गॅरेजांत हात आधी कार्बोरेटरकडे जातो. तो खोलायचा, पेट्रोलने धुवायचा, हवा मारायची, परत बसवायचा. तेवढ्यात इंजिन गार झालेलं असतं. साहजिकच गाडी झकास चालते आणि श्रेय धुण्याला मिळतं. दुसऱ्या दिवशी कात्रजचा घाट चढताना पुन्हा तेच झटके. गरम इंजिनातला बिघाड गरम असतानाच पकडावा लागतो. आपली दुरुस्तीची रीत मात्र नेमकी उलटी: गाडी सकाळी सोडा, संध्याकाळी न्या.

हा लेख आहे तो १००-१२५ सीसीच्या, हवेवर गार होणाऱ्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांबद्दल. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक नव्या गाड्यांत इंजेक्शन आलं, पण जुन्या गाड्या अजून रोज दूध घालतात, शेतावर जातात, पोरांना शाळेत सोडतात.

पहिला प्रश्न असा, की गाडी तापल्यामुळे बिघडते की नुसती थोडा वेळ चालल्यामुळे? दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असल्याने मालक नेहमी तापण्यालाच दोष देतो. आता टाकीचं झाकण घ्या. पेट्रोल जितकं खाली उतरतं तितकी हवा टाकीत यावी लागते, आणि ती येते झाकणातल्या बारीक भोकातून. ते धुळीने किंवा पॉलिशच्या मेणाने बुजलं, की एकच भोक पाडलेल्या गोड्या तेलाच्या डब्यासारखी गत होते. पेट्रोल अडखळत येतं, मग थांबतं. दहा-पंधरा मिनिटांनी कार्बोरेटरचा बाउल रिकामा होतो आणि गाडी बंद पडते. कडेला थोडा वेळ उभं राहिलं की कुठून तरी हवा झिरपते, पेट्रोल उतरतं, गाडी सुरू. मालक म्हणतो, गार झाली म्हणून चालू झाली. परीक्षा सोपी आहे. बंद पडताक्षणी टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा ‘सुस्स’ आवाज आला आणि पुढच्या एक-दोन किकमध्ये गाडी लागली, तर बिघाड सापडला. खर्च, एका टाचणीचा.

झाकण निर्दोष निघालं तर चोक ओढून पाहा. गाडी गरम आहे, झटके मारते आहे, अशा वेळी चोक अर्धा ओढा. सुधारली तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. आणखी बिघडली तर आधीच जास्त जातंय. थंड इंजिनाला मुळात जास्त पेट्रोल लागतं, म्हणूनच तर चोक असतो. त्यामुळे कार्बोरेटर ओव्हरफ्लो होत असेल, एअर फिल्टर तुंबला असेल किंवा चोकच पूर्ण मागे जात नसेल, तर सकाळी काही कळत नाही, उलट गाडी पटकन लागते. इंजिन तापलं की मात्र तेच जादा पेट्रोल त्याला सोसत नाही. प्लग काढून पाहिला तर टोकावर कोरडी काळी काजळी दिसते. चांगल्या चाललेल्या इंजिनाचा प्लग बिस्किटी रंगाचा असतो.

सध्या अशा प्रत्येक बिघाडाचं खापर पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलवर फोडण्याची फॅशन आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला साधारण ९. म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला हवा १३.५ च्या आसपास पुरते. जुन्या कार्बोरेटरचा जेट हा हिशेब जाणत नाही. तो पूर्वीइतकंच इंधन सोडतो आणि इंजिन थोडं कोरडं चालतं. पण असं कोरडं इंजिन सकाळी जास्त कुरकुरतं आणि तापलं की उलट सुधारतं. फक्त गरम झाल्यावर बिघडणाऱ्या गाडीत इथेनॉलचा दोष दुय्यम. हां, इथेनॉलने जुनं रबर खराब होतं आणि त्यातून कार्बोरेटर गळायला लागला, तर गोष्ट वेगळी.

मेकॅनिक लोक ज्याला ‘एअर ओढते’ म्हणतात तोही एक प्रकार आहे. कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधलं रबर किंवा ओरिंग कडक होतं, इंजिन तापल्यावर तिथे फट पडते. ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिनाचा वेग पटकन खाली येत नाही. काही जण त्या जोडावर पेट्रोल शिंपडून बघतात. गरम सायलेन्सरशेजारी हा वेडेपणा आहे. जोडाभोवती बोटाने ग्रीस फासा. आवाज बदलला, तर फट तिथेच.

खरी लपाछपी करंटची. एचटी कॉइल किंवा मॅग्नेटजवळची पल्सर कॉइल म्हणजे तांब्याच्या बारीक तारेचे शेकडो-हजारो वेढे. त्यात कुठेतरी तार तुटलेली असते, पण टोकं एकमेकांना टेकून असतात. गरमीने सगळं प्रसरण पावलं की ती सुटतात, गार झाल्यावर परत टेकतात. गाडी थंड असताना मल्टीमीटर लावला तर रीडिंग अगदी पुस्तकातलं. म्हणून रस्त्याकडेला, बंद पडल्या पडल्या तपासायचं. सोबत प्लगपाना आणि एक जादा प्लग ठेवा. जादा प्लग कॅपमध्ये घालून त्याचं लोखंड इंजिनाला टेकवा आणि किक मारा. मूळ प्लग हेडमध्येच राहू द्या, म्हणजे पेट्रोलची वाफ बाहेर येणार नाही. ठिणगी निळी आणि कडक हवी. तांबूस, मरतुकडी किंवा गैरहजर असेल तर पेट्रोलची बाजू सोडून द्या.

पल्सर कॉइलचा कनेक्टर सोडवून गरम असतानाच ओम मोजा. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. थंड असताना १०० ओम दाखवणारी कॉइल ८० अंशांनी तापली की १३० च्या आसपास जाणारच. तो बिघाड नव्हे. आकडा उड्या मारत असेल किंवा मीटर काहीच दाखवत नसेल, तर कॉइल गेली. एचटी कॉइल टाकीखाली असते, तिला घरातल्या हेअर ड्रायरने तापवून हीच परीक्षा घेता येते. ठिणगी सोडणाऱ्या सीडीआयच्या डबीला मात्र मीटर उपयोगाचा नाही, दुसऱ्या चालू गाडीचा तसाच लावून पाहावा लागतो. जुन्या पॉइंटवाल्या बुलेटमध्ये हाच खेळ कंडेन्सर करतो. तापला की पॉइंटमध्ये ठिणग्या उडतात आणि सायलेन्सरमधून फटाके. जुने बुलेटवाले खिशात जादा कंडेन्सर ठेवतात ते उगाच नाही.

शेवटचा संशयित टॅपेट, आणि इथे दोष पुष्कळदा गिऱ्हाईकाचा. ‘टॅपेटचा आवाज येतोय, बंद करा,’ असं तो सांगतो आणि मेकॅनिक टॅपेट आवळून देतो. आवाज जातो, सगळे खूश. पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह चालत्या इंजिनात सहाशे-सातशे अंशांपर्यंत तापतो आणि लांबतो. त्या लांबीसाठी टॅपेटमध्ये सोडलेली फटच नसेल तर तो पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं. गरम इंजिनाची किक हलकी लागते, स्लो स्पीड टिकत नाही, सिग्नलला गाडी मरते. असंच चालवत राहिलं तर व्हॉल्व्ह जळतो आणि काम हेड उघडण्यावर जातं. वापराने व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये रुतत जातो, तसतशी फट आपोआपही कमी होते. म्हणजे जुनी गाडी एकाएकी शांत झाली तर आनंद मानू नये. बारीक टकटक असलेली बरी.

इंजेक्शनच्या गाडीत आधी मीटरवरचा पिवळा दिवा पाहायचा. तिथे तापमानाचा सेन्सर खोटं बोलला की गरम इंजिनालाही थंड समजून पेट्रोल पाजलं जातं. पुढचं काम स्कॅनरचं.

गॅरेजला जाताना गाडी चांगली तापवून, संध्याकाळी न्या. झाकण, चोक, ठिणगी आणि कॉइल या परीक्षा तुमच्यासमोर, इंजिन गरम असतानाच होऊ द्या. टॅपेटची फट मात्र इंजिन पूर्ण थंड असताना, कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याने, फिलर गेज घालूनच मोजायची असते. छोट्या इंजिनांत ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते, कानाने जमणारं काम नाही. त्यासाठी गाडी रात्रभर तिथेच ठेवा आणि सकाळी कोणी किक मारायच्या आत टॅपेटचं झाकण उघडायला सांगा.