एका काट्याने उघडलेले कान

कानांत बोटे घालून पळणारा चोर रंगमंचावर आला, की सभागृहात हशा पिकतो. त्याच्या पायात काटा रुतला, की तो हशा आणखी वाढतो. मात्र काटा काढण्यासाठी त्याला एक हात कानावरून काढावाच लागतो, आणि नेमक्या त्या क्षणी कानी पडलेले शब्द त्याचे सारे आयुष्य पालटून टाकतात. रौहिणेय चोराची ही कथा जैन घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. वादिदेवसूरींच्या शिष्यपरंपरेतील रामभद्र मुनींनी तिच्यावर ‘प्रबुद्धरौहिणेय’ हे सहा अंकी संस्कृत नाटक रचले. भगवान ऋषभदेवांच्या मंदिरातील उत्सवप्रसंगी ते खेळले गेले होते. मंदिर आणि रंगभूमी यांचे नाते आपल्या परंपरेत किती जुने आहे, याची ही साक्ष होय.

पुण्यातील एका पाठशाळेच्या मुलांनी महावीर जन्मकल्याणकासाठी हीच कथा निवडली आणि तिला स्वतःचे संगीत दिले. परीक्षांच्या धांदलीतही रविवारची सकाळ सरावासाठी राखलेली असे. संस्कृत संवाद मुलांना पेलणारे नव्हते. म्हणून ताईंनी कथानक मराठीत समजावून सांगितले आणि पदे मुलांनीच रचली. राजगृह नगरीतील चोरीच्या प्रसंगाला स्टीलच्या डब्यांचा आणि टाळ्यांचा ठेका मिळाला. नगररक्षकांची तक्रार रॅपमध्ये आली. वैभारगिरीच्या गुहेत मरणासन्न लोहखुर आपल्या मुलाकडून ‘महावीरांचे वचन कधीही ऐकणार नाही’ अशी शपथ घेतो, तेथे केवळ ढोलकीचा संथ ठोका ठेवला गेला.

काही ज्येष्ठांना हा प्रकार प्रथम रुचला नाही. पाठशाळेत स्तवन आणि सज्झाय यांचे सूर ऐकू यावेत, रॅप कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. तो अनाठायी नव्हता. मुलांनी वाद घातला नाही. त्यांनी त्या आजी-आजोबांनाच सरावाला बोलावले.

त्यांच्यामुळेच एक अवघड पेच सुटला. तीर्थंकरांची भूमिका कोणी वठवायची नाही, ही मर्यादा मुलांना ठाऊक होती. मग भगवंतांचे वचन प्रेक्षकांपर्यंत पोहोचावे कसे? भगवंतांची देशना मालकंस रागात होत असे, अशी परंपरेतील श्रद्धा एका आजोबांनी सांगितली. त्यावरून मुलांनी ठरवले की रंगमंच रिकामा ठेवायचा, आणि सभागृहाच्या मागील बाजूने हार्मोनियमवर मालकंसाचे सूर येऊ द्यायचे. देवांचे पाय भूमीला टेकत नाहीत, पापण्या लवत नाहीत, गळ्यातील माळा कोमेजत नाहीत, देहाला घाम येत नाही, एवढाच आशय त्या पदात होता.

हेच वचन पुढे चोराला वाचवते. पुराव्याअभावी मंत्री अभयकुमार एक युक्ती योजतो. मद्याच्या गुंगीतून जागा झालेला रौहिणेय स्वतःला स्वर्गसदृश महालात पाहतो. भोवती गायन-नर्तन चाललेले असते. ‘स्वर्गसुख भोगण्यापूर्वी पूर्वजन्मीची बरी-वाईट कर्मे सांगा,’ अशी विनंती त्याला केली जाते. पण या ‘देवां’चे पाय जमिनीवर आहेत आणि पापण्याही लवत आहेत, हे त्याच्या ध्यानी येते. तो केवळ सत्कर्मे सांगतो आणि सुटतो. खोट्या स्वर्गाचे हे दृश्य मुलांचे सर्वांत लाडके होते. कीबोर्ड, झगमगते पोशाख, तब्बल आठ मिनिटांचे नृत्य!

खरी कसोटी शेवटच्या आठवड्यात आली. कार्यक्रम लांबल्याने नाटकाला केवळ तीस मिनिटे मिळतील, असे आयोजकांनी कळवले. चोराच्या सुटकेवरच पडदा पाडावा, टाळ्या तेथेच पडतील, अशी सूचनाही आली. व्यवहाराच्या दृष्टीने ती योग्य होती. मात्र रौहिणेयाची भूमिका करणारी बारा वर्षांची मुलगी अडून बसली. तिचे म्हणणे असे, की नाटक तेथे संपले, तर भगवंतांचे वचन म्हणजे पकडले न जाण्याची एक युक्ती, एवढेच लोक घरी घेऊन जातील.

तिचे बोलणे सर्वांना पटले, पण त्याची किंमतही चुकवावी लागणार होती. अखेर मुलांनी आपणहून स्वर्गाचे नृत्य आठ मिनिटांवरून तीन मिनिटांवर आणले. ज्यांच्या वाट्याची कडवी गेली, त्यांतील दोघींच्या डोळ्यांत पाणी आले. तरी त्याच दोघी शेवटच्या प्रवेशातील समूहात उभ्या राहिल्या.

त्या प्रवेशात रौहिणेय मोकळा आहे. त्याला आता कोणीही पकडू शकत नाही. तरीही तो परत येतो. नकळत कानी पडलेल्या एका वचनाने प्राण वाचले, तर श्रद्धेने ऐकलेले वचन काय करील, हा विचार त्याला स्वस्थ बसू देत नाही. तो भगवंतांना शरण जातो, राजा श्रेणिकापुढे सारे गुन्हे कबूल करतो, लपवलेली लूट ज्याची त्याला परत करवतो आणि दीक्षा घेतो. या कबुलीला मुलांनी एकही वाद्य दिले नव्हते. डबे, ढोलकी, कीबोर्ड सारे थांबले आणि एक किशोर आवाज सभागृहात उरला.

टाळ्या लगेच पडल्या नाहीत. क्षणभर शांतता पसरली. मग रॅपला नाक मुरडणारे पहिल्या रांगेतील आजोबाच प्रथम उठून उभे राहिले.