पाळकसाहेबांचे बिऱ्हाड

घराची खरी ओळख पाहुण्याला दिवाणखान्यात होते की स्वयंपाकघरात, हे कोणत्याही गृहिणीला विचारावे. तीन वर्षांपूर्वी, नाताळच्या आधी, अमेरिकेतील एका चर्चची सहा माणसे कोल्हापुरास आली होती. स्थानिक पाळकांच्या घरी भेट देणे हा त्यांच्या कार्यक्रमाचा एक भाग होता, आणि दुभाष्याचे काम माझ्याकडे आले होते.

कोल्हापूरला असे पाहुणे नवे नाहीत. १८५२ साली रॉयल गोल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी इथे आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली इथेच जन्मला. पुढे १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील माउंट हर्मनच्या विद्यार्थी-संमेलनात शंभर तरुण परदेशी मिशनकार्यास तयार झाले, त्यामागे या रॉबर्टची खटपट मोठी होती. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीने हजारो तरुण देशोदेशी धाडले. म्हणजे परदेशी पाहुण्यांना घराबाहेर काढणाऱ्यांत एक जन्माने कोल्हापूरकर होता! हे ऐकून आमचे पाहुणे हरखले.

मराठीच्या मास्तराला तर या घरांत शब्दांची मेजवानीच. मेंढरे पाळतो तो पाळक. चर्चचा कारभार पाहणारे ते वडील. आणि सारा भाविकसमुदाय ती मंडळी. जुन्या घरांतून ‘आमची मंडळी’ म्हणजे बायको, हे सांगताच पहिल्या घरी मोठा हशा पिकला.

दुसऱ्या घरी पाळकीणबाई नाताळच्या करंज्या करीत होत्या. “या की आत, इथंच बसा,” म्हणून त्यांनी सर्वांना स्वयंपाकघरातच बसवले. पाहुण्यांतल्या एक वृद्ध बाई हातात कातण घेऊन करंज्या कातू लागल्या आणि म्हणाल्या, “किती छान घर आहे तुमचं!”

मी भाषांतर केले. पाळकीणबाई म्हणाल्या, “घर आमचं नव्हे, मंडळीचं. बदली झाली की चंबूगबाळं उचलायचं. हे सातवं. दोन वर्षांनी हे निवृत्त होतील, मग या वयात भाड्याचं घर शोधायचं.”

पाळकसाहेब अवघडले. “सर, हे त्यांना सांगू नका,” ते हळूच म्हणाले.

“सांगा की!” बाई उसळल्या. “विचारलं म्हणून सांगितलं. काही मागितलं नाही मी.”

मी सारे सांगितले. शेवटचे वाक्य तर आधी सांगितले. वृद्ध बाईंच्या हातातले कातण थांबले. त्या स्वतः एका पाळकाच्या विधवा होत्या. नवरा गेल्यावर तीन महिन्यांत त्यांना चर्चचे घर सोडावे लागले होते. मी हे मराठीत सांगेपर्यंत पाळकीणबाईंनी त्यांचा पिठाने माखलेला हात धरला होता. त्यानंतर बराच वेळ दुभाष्याला काम नव्हते.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना असे घर परके वाटणार नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई पाच वर्षांनी. त्या घरात माणसांचा राबता अखंड आणि पैशाची ओढाताणही अखंड. बाहेर कवीची कीर्ती होती. आत येईल त्याच्या पानात काय वाढायचे, ही विवंचना होती.

धर्म कोणताही असो, जन्मभर दुसऱ्यांच्या सुखदुःखांना दार उघडणाऱ्याला स्वतःचे दार असतेच असे नाही. पाळकाला आपण मागावे हे अवघड वाटते, आणि त्याने मागितल्याखेरीज मंडळीला सुचत नाही. अशा वेळी घरातल्या बाईने चारचौघांत एकदा स्पष्ट बोलावे, हेच बरे. पाळकसाहेब निवृत्त व्हायच्या आधीच मंडळीच्या वडिलांनी त्यांच्या घराचा विषय बैठकीत घेतला. प्रश्न सुटला असे नव्हे. पण त्याला तोंड फुटले.