डॉ. डिलन ते श्रामणेर जीवक

'आई, मी मुलगी नाही, मुलगा आहे,' असे पोटच्या लेकराने सांगितले तर घरात काय होते? रडारड, मारहाण, नाहीतर घाईघाईने लग्न. जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेला, पण मनाने पुरुष असलेला माणूस म्हणजे ट्रान्स पुरुष. त्याची वाट कशी असते, हे मायकेल डिलन यांच्या आयुष्यावरून समजून घेऊ या.

त्यांचा जन्म 1915 साली लंडनचा, शिक्षण ऑक्सफर्डचे. 1939 च्या सुमारास त्यांनी टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन घ्यायला सुरुवात केली. या औषधाने काही महिन्यांत आवाज फुटतो, पाळी थांबते, हळूहळू दाढीमिशा येतात. पुढे औषध सोडले तरी आवाज पूर्वीसारखा होत नाही. म्हणून डॉक्टर आधी मोकळेपणाने बोलून घेतात आणि नंतर वेळोवेळी रक्त तपासतात. आपल्या मनाने हे औषध घेणे धोक्याचे आहे.

त्यानंतर डिलन यांनी छातीची शस्त्रक्रिया करून घेतली. 1944 साली त्यांच्या जन्मदाखल्यावर पुरुष अशी नोंद झाली. 1946 ते 1949 या काळात जखमी सैनिकांचे चेहरे घडवणारे सर हॅरोल्ड गिलीज यांनी त्यांच्यावर किमान तेरा शस्त्रक्रिया केल्या. आज प्रत्येक जण एवढे सगळे करतो असे नाही. कोणी हार्मोनवर थांबतो, कोणी छातीच्या शस्त्रक्रियेवर, कोणी काहीच करत नाही. त्यामुळे त्याचे पुरुषपण कमी होत नाही.

डिलन 1951 साली डॉक्टर झाले, जहाजावर नोकरी करू लागले. पण 1958 साली वर्तमानपत्रांनी त्यांचे गुपित फोडले. ते भारतात आले. कलिम्पाँगला संघरक्षितांकडे राहिले, सारनाथला गेले. तथागतांच्या वैद्याचे जीवक हे नाव त्यांनी घेतले. उपसंपदेसाठी मात्र विनयातील जुना नियम आडवा आला. अखेर लडाखच्या रिझोंग मठाने त्यांना श्रामणेर म्हणून सामावून घेतले. 1962 साली डलहौसी येथे, अवघ्या 47 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

शरीराचे काम डॉक्टरांनी केले. माणसांनी मात्र या माणसाला सुखाने जगू दिले नाही.

15 एप्रिल 2014 रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या जयंतीच्या दुसऱ्याच दिवशी, आपले लिंग कोणते हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्याला आधार होता बाबासाहेबांच्या राज्यघटनेतील समता आणि स्वातंत्र्याच्या कलमांचा.

तेव्हा मायबापांनो, असे लेकरू घरात असेल तर आधी त्याचे ऐकून घ्या. लग्नाची घाई करू नका. जाणत्या डॉक्टरांकडे त्याच्यासोबत स्वतः जा. आणि त्याची गोष्ट त्याला विचारल्याशिवाय भावकीत सांगत सुटू नका. माणसाला माणूस म्हणून वागवा, हे आपण जगाला सांगतो. त्याची सुरुवात आपल्या उंबरठ्याच्या आत झाली पाहिजे.