कार्डाच्या व्याजावर घासाघीस होते का?

‘बँकेला फोन लावा, जरा ताणून धरा, व्याजदर खाली येतो’, असा सल्ला सर्रास ऐकू येतो. आपल्याकडे क्रेडिट कार्डाचा दर बहुधा कार्डाच्या प्रकारावर ठरलेला असतो. अनेक कार्डांवर तो महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला साधारण ४२ टक्के आहे. कस्टमर केअरवरच्या माणसाला तो बदलण्याचा अधिकार नसतो. मग फोन करूच नये का? जरूर करावा, पण मागणी वेगळी हवी: ‘माझ्या थकबाकीचे हप्ते करून द्या.’ हप्त्यांचा दर कार्डाच्या दरापेक्षा बराच कमी असतो. प्रोसेसिंग फी किती आणि मुदतीआधी फेडल्यास दंड किती, हे मात्र आधी विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. पगारावर वैयक्तिक कर्ज मिळत असेल तर तेही ताडून बघा. त्याच्या व्याजावर जीएसटी नाही. कार्डाच्या व्याजावर १८ टक्के आहे.

‘मिनिमम ड्यू भरतोय, म्हणजे व्याज लागत नाही.’ अनेक माणसं बुडतात ती या समजुतीने. मिनिमम भरल्यावर उशिराचा दंड वाचतो, व्याज नाही. हिशेब बघा. थकबाकी ५०,०००. साडेतीन टक्क्यांनी महिन्याचं व्याज १,७५०, त्यावर जीएसटी ३१५, झाले २,०६५. तुम्ही पाच टक्के म्हणून २,५०० भरले, तर मुद्दलातून गेले जेमतेम ४३५ रुपये! शिवाय बाकी उरली की बिनव्याजी मुदत संपते. बाकी असताना कार्डावर भरलेल्या किराण्यावरही खरेदीच्या तारखेपासून व्याज चढतं. म्हणून फेड संपेपर्यंत ते कार्ड कपाटात ठेवा.

‘३० टक्क्यांच्या वर व्याज बेकायदा आहे.’ राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तसा निकाल दिला होता, हे खरं. पण सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द केला. त्या निकालाच्या जोरावर आज बँकेशी भांडता येत नाही.

वसुलीवाला ‘निम्मे भरा, प्रकरण मिटवतो’ म्हणाला, की ते व्याजात सूट मिळण्यासारखं वाटतं. ही सेटलमेंट आहे. क्रेडिट रिपोर्टमध्ये खातं ‘सेटल्ड’ दिसतं, ‘क्लोज्ड’ नाही, आणि पुढे गृहकर्ज मागताना तेच आडवं येतं. नोकरी गेली, आजारपण आलं, दुसरा मार्गच उरला नाही, तर सेटलमेंट करण्यात लाज कसली? मात्र बँकेच्या लेटरहेडवर पत्र हातात आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. दर किती असावा हा बँकेचा व्यावसायिक निर्णय, त्यात लोकपाल पडत नाही. चुकीची आकारणी, न सांगता लावलेली फी, वसुलीवाल्यांचा जाच, या तक्रारी मात्र तिथे चालतात.