जुने इंजिन की बांधलेले?

दिवाळीच्या तोंडावर मेहुण्यांच्या ट्रकचे इंजिन बसले आणि व्याकरण शिकवणारा मी त्यांच्याबरोबर कुर्ल्याच्या भंगारबाजारात जाऊन उभा राहिलो. सेकंडहँड इंजिन निम्म्या किमतीत मिळत होते. पण ते किती लाख किलोमीटर धावले, हे सांगणार कोण? मिस्त्रीने ते चालू करून तेलाचे झाकण उघडताच भसाभस धूर आला. “रिंगा गेल्यात, मास्तर!”

दुसरे कारखान्यात नव्याने बांधलेले : क्रँकशाफ्ट घासून मापात आणलेला, लायनर, पिस्टन, बेअरिंगे नवी, शिवाय वर्षाची हमी. मेहुणे बँकेचा हप्ता आठवून गप्प बसले. ताईने मुकाट्याने पाटल्या काढून दिल्या.

आता आर.टी.ओ.त नव्या इंजिनाचा क्रमांक चढवायचा आहे. अर्ज मी लिहिला आहे. शुद्धलेखनाची एकही चूक नाही!