माणसाला न भिणारे प्राणी

पाऊल वाजले की ससा पळतो. पाखरू भुर्रकन उडते. रानातली जनावरे माणसाला भितात, हे आपण नेहमी पाहतो. पण जगात एक ठिकाण असे आहे, की तेथे जनावरे माणूस जवळ आला तरी हलत नाहीत! ते ठिकाण म्हणजे गालापागोस बेटे. ती इक्वेडोर देशाची आहेत. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटर आत, भर समुद्रात आहेत.

लोक लहान जहाजातून ही बेटे बघायला जातात. चला, आपणही एक दिवस त्यांच्याबरोबर हिंडू.

सकाळी जहाज बेटापाशी थांबते. होडीत बसून काठावर उतरायचे. वाळूत समुद्रसिंह झोपलेले असतात. त्यांची पिले आईला लुचत असतात. पलीकडे काळ्या खडकावर घोरपडीसारखे इग्वाना ऊन खात पडतात. ते समुद्रात बुडी मारून शेवाळ खातात. पोटात गेलेले मीठ नाकातून फुर्रकन उडवतात. पुढे निळ्या पायांचे पक्षी दिसतात. नर एकेक पाय उचलून मादीपुढे नाचतो. दुपारी दुसऱ्या बेटावर भलीमोठी कासवे बघायची. एकेकाचे वजन दोनशे किलोच्या वर भरते. ती शंभर वर्षांहून अधिक जगतात.

ही जनावरे भीत का नाहीत? पूर्वी तेथे माणसाची वस्ती नव्हती. वाघ-लांडगेही नव्हते. मग भ्यायचे कोणाला?

पण हा भोळेपणा कासवांना नडला. कासव अन्नपाण्यावाचून कित्येक महिने जगते. म्हणून जुने खलाशी हजारो कासवे जिवंत धरून जहाजात भरीत आणि वाटेत मारून खात. पुढे माणसाने आणलेल्या शेळ्यांनी कासवांचा चारा फस्त केला. एस्पान्योला बेटावर तर अवघी १४ कासवे उरली!

मग सरकार जागे झाले. १९५९ साली ही बेटे राखीव झाली. ती १४ कासवे सांभाळून त्यांची पिले वाढवली. बेटावरच्या शेळ्या काढून टाकल्या. २०२० साली तेथे दोन हजारांवर कासवे झाली होती.

आता तेथे नियम कडक आहेत. वाटाड्याशिवाय हिंडायचे नाही. जनावरापासून दोन मीटर दूर राहायचे. त्याला शिवायचे नाही, खाऊ घालायचे नाही. शिंपलासुद्धा उचलायचा नाही.

जो आपल्याला भीत नाही, त्याला धरणे सोपे असते. त्यात मर्दुमकी कसली? त्याचा विश्वास राखणे, यातच माणसाची माणुसकी आहे.