ग्रामीण काउंटीतील कृषी साहाय्य व संधारण योजना (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शेतकऱ्यांना मिळणारे कर्ज, अनुदान व मृदसंधारणाचे साहाय्य संघराज्याच्या कृषी खात्याकडून येते. मात्र ते मिळवण्याची जागा म्हणजे काउंटी, अर्थात राज्यांतर्गत स्थानिक प्रशासनाचा घटक. काउंटीतील 'यूएसडीए सर्व्हिस सेंटर' या कार्यालयात साधारणतः दोन यंत्रणा एकाच छपराखाली असतात. फार्म सर्व्हिस एजन्सी कर्जे व अनुदाने पाहते, तर नॅचरल रिसोर्सेस कॉन्झर्व्हेशन सर्व्हिस जमीन व पाणी यांच्या संधारणाचे काम पाहते. काही लहान काउंट्यांसाठी मिळून एकच केंद्र असते.

पार्श्वभूमी

१९३०च्या दशकात दक्षिणेकडील मैदानी प्रदेशात अवर्षण व अविचारी नांगरट यांमुळे धुळीची प्रचंड वादळे झाली. मृदाशास्त्रज्ञ ह्यू हॅमंड बेनेट यांच्या प्रयत्नांतून २७ एप्रिल १९३५ रोजी मृदसंधारणाचा कायदा संमत झाला. परंतु खासगी शेतात वॉशिंग्टनहून माणसे पाठवून बांधबंदिस्ती करून घेणे शक्य नव्हते. म्हणून १९३७मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी राज्यांना एक नमुना कायदा पाठवला आणि स्थानिक मृदसंधारण जिल्हे स्थापन होऊ लागले. पहिला जिल्हा, ब्राउन क्रीक, बेनेट यांच्याच जन्मभूमीत, नॉर्थ कॅरोलायनातील अँसन काउंटीत, निर्माण झाला. आज असे सुमारे ३,००० जिल्हे आहेत. त्यांच्या सीमा बहुधा काउंटीच्याच असतात; नेब्रास्काने मात्र १९७२पासून नद्यांच्या खोऱ्यांनुसार जिल्हे आखले आहेत आणि तेच अधिक तर्कसंगत वाटते, कारण पाणी काउंटीची हद्द ओळखत नाही.

अर्जाचा क्रम

योजनांच्या नावांपेक्षा त्यांच्याकडे जाण्याचा क्रम अधिक महत्त्वाचा आहे. प्रथम फार्म सर्व्हिस एजन्सीकडे मालकीचा किंवा भाडेपट्ट्याचा पुरावा देऊन 'फार्म नंबर' घ्यावा लागतो. त्याशिवाय पुढील दारे उघडत नाहीत. त्याबरोबर एडी-१०२६ हा अर्ज भरून, धूप होणारी जमीन संधारण-आराखड्याविना पिकाखाली आणणार नाही व पाणथळ जमिनीचा निचरा करून तीत पीक घेणार नाही, अशी हमी द्यावी लागते. हमी मोडल्यास अनुदानेच नव्हे, तर २०१४च्या कायद्यापासून पीकविम्याच्या हप्त्यातील सरकारी वाटाही गमावण्याची वेळ येते.

यानंतर संधारण अधिकारी शेत पाहून विनामूल्य आराखडा तयार करतो. त्यातील कामांसाठी 'एन्व्हायर्नमेंटल क्वालिटी इन्सेंटिव्हज प्रोग्रॅम' (१९९६) या योजनेत अर्ज करता येतो. अर्ज वर्षभर स्वीकारले जातात. परंतु राज्यनिहाय ठरलेल्या मुदतीनंतर त्यांची गुणानुक्रमे छाननी होते व निधी संपेपर्यंतच निवड होते. खर्चाचा काही भाग सरकार देते. नवोदित व अल्प साधनांच्या शेतकऱ्यांना हा वाटा अधिक मिळतो, तसेच काही रक्कम आगाऊही घेता येते. येथे अनेकांची फसगत होते ती अशी: करारावर सही होण्यापूर्वी कुंपण घातले वा विहीर खोदली, तर त्या कामाचे पैसे सहसा मिळत नाहीत.

१९८५च्या कायद्याने आलेला 'कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम' वेगळ्या स्वरूपाचा आहे. त्यात शेतकरी धूपप्रवण जमीन १० ते १५ वर्षे पिकाखाली न आणता गवत वा झाडे लावतो आणि सरकार त्याला वार्षिक भाडे देते. काउंटीतील पिकाऊ जमिनीपैकी साधारणतः २५ टक्क्यांहून अधिक जमीन यात घेता येत नाही. शेती अति प्रमाणात थांबली, तर बियाणे विक्रेते व धान्यकोठारे यांवर चालणारे गावच ओस पडेल, ही त्यामागील भीती.

विषम प्रवेश

एजन्सीच्या स्थानिक निर्णयांत शेतकऱ्यांनीच निवडलेल्या काउंटी समितीचा वाटा असतो. ही रचना लोकशाहीला धरून असली, तरी दक्षिणेत तिच्यावर दीर्घकाळ गोऱ्या जमीनदारांचे वर्चस्व राहिले. कर्ज व साहाय्य देताना भेदभाव झाल्याच्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या दाव्यात, 'पिगफोर्ड विरुद्ध ग्लिकमन' या खटल्यात, १९९९मध्ये तडजोड झाली. उशिरा आलेल्या दाव्यांसाठी काँग्रेसने २०१०मध्ये १.१५ अब्ज डॉलरची तरतूद केली.

मृत्युपत्राविना अनेक वारसांत राहिलेल्या सामाईक जमिनीचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. स्पष्ट मालकीपत्र नसल्याने अशा कुटुंबांना फार्म नंबर मिळत नसे. २०१८च्या कृषी कायद्याने बहुसंख्य मालकांनी मान्य केलेला करार किंवा शेतीचा उल्लेख असलेली प्राप्तिकर विवरणपत्रे यांसारखी पर्यायी कागदपत्रे ग्राह्य धरली.